पेइलानचे एकतीस मिलिसेकंद

को पेइलान आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एक चित्र होतं. त्यावर मापं नव्हती. मी चित्र परत दिलं.

"कशाचं आहे हे?"

"हनुवटी टेकवायचा स्टँड, शिफू. प्रयोग चालू असताना माणसाचं डोकं हलू नये म्हणून."

कारागिराला आमच्याकडे शिफू म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांना हे सहसा सांगावं लागायचं. तिला लागलं नाही.

"किती उंच?"

"साधारण..."

"साधारण नावाची पट्टी माझ्याकडे नाही."

ती लाजली नाही, रागावलीही नाही. टेबलाशी बसली आणि स्वतःची हनुवटी टेबलापासून किती वर येते ते मोजलं. मग माझी मोजली. मग दारातून चाललेल्या माळ्याला आत बोलावून त्याची मोजली. अर्ध्या तासाने मापं घातलेलं चित्र समोर ठेवलं आणि म्हणाली, स्टँड वर-खाली सरकणारा हवा, माणसं एका मापाची नसतात. त्या दिवशी मी तिचं काम रांगेत सगळ्यात पुढे घेतलं. हे १९९३ साल. ती सव्वीस वर्षांची होती.

मी त्या विद्यापीठात अठ्ठावीस वर्षं लेथ चालवला. पदार्थविज्ञानवाल्यांना नळ्या लागत, रसायनवाल्यांना झाकणं. मनाचा अभ्यास करणारी संस्था तेव्हा नवीन निघाली होती, शेतकी विभागाच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. फान सर तिचे प्रमुख. ते मूळचे मानसशास्त्राचे, पण त्यांचं म्हणणं असं की मन ही एका विभागाची जहागीर नाही. त्यांच्याकडच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र शिकायचं, भाषाशास्त्र शिकायचं, तत्त्वज्ञान शिकायचं, मेंदूचे काप बघायचे आणि संगणकाचे प्रोग्रामही लिहायचे. पाच विषय, चार इमारती. पेइलान एका जुन्या सायकलवरून फिरायची. चेन पडली की माझ्याकडे यायची.

"आज काय शिकलीस?" मी विचारायचो.

"सकाळी तत्त्वज्ञानाच्या तासाला सांगितलं, दुसऱ्या माणसाला मन आहे हे सिद्धच करता येत नाही."

"आणि दुपारी?"

"दुपारी मानसशास्त्रात ते मोजायला शिकलो."

"मग आधी त्या दोन मास्तरांची गाठ घालून दे."

"ते एका टेबलावर जेवत नाहीत, शिफू."

ते खरंच होतं. वर्ष संपताना विद्यापीठाची मेजवानी असते. गोल टेबलं, प्रत्येकावर विभागाच्या नावाची पाटी. संस्थेतले शिक्षक त्या दिवशी आपापल्या मूळ विभागाच्या टेबलाकडे जात. फान सरही जात. पेइलान संस्थेत साहाय्यक होती, तिला मूळ विभागच नव्हता. मानसशास्त्रवाले म्हणाले, तू भाषावाल्यांची ना? भाषावाले म्हणाले, आमच्या खुर्च्या मोजून मांडल्यात. मग ती आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे लेथवाला, माळी, वायरमन, बॉयलरवाला यांच्या टेबलाकडे. अख्खी उकडलेली कोंबडी आली. कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळेल त्याची नोकरी पुढच्या वर्षी जाणार, अशी आमच्यात समजूत आहे. वायरमनने ताट फिरवून डोकं मुद्दाम तिच्यासमोर आणलं.

"काका, नोकरी असेल तर जाईल ना," ती म्हणाली आणि ते डोकं उचलून स्वतःच्या वाडग्यात घेतलं.

सगळे हसले. पुढची कित्येक वर्षं ती आमच्याच टेबलावर जेवली.

तिचं गाव बुदाई, समुद्राकाठी. वडील मिठागरात काम करायचे. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे आम्हा सगळ्यांचंच. ती लहान असताना शाळेत घरच्या भाषेतला शब्द तोंडातून गेला की गळ्यात लाकडी पाटी अडकवत. तिच्याही गळ्यात पडली होती. तिच्या प्रश्नाची सुरुवात मात्र पाटीपासून झाली नाही. तिने मला सांगितलं ते असं: वडील पाठमोरे बसलेले असताना त्यांना काही सांगितलं, तर घरच्या भाषेत सांगितल्यावर ते लगेच वळतात आणि शाळेच्या भाषेत सांगितल्यावर थोडं थांबून वळतात. त्यांना दोन्ही भाषा येतात. शाळेची त्यांनी पलटणीत असताना शिकली.

"ते थोडं म्हणजे किती, ते मला मोजायचंय," ती म्हणाली. "आईच्या तोंडून आलेला शब्द मनापर्यंत आधी पोचतो का?"

"त्यासाठी पाच विषय लागतात?"

"एकाने तर अजून कुणाला जमलेलं नाही."

१९९७ च्या जानेवारीत तिने दोन पेट्या सांगितल्या. ॲल्युमिनियमची पेटी, वर एक बटण, खाली वायर. माणसाने कानाला हेडफोन लावायचे. शब्द ऐकू येणार: मीठ, वीट, कालवं, छत्री. ऐकलेली वस्तू खायची असेल तर बटण दाबायचं. शब्द सुरू झाल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ संगणक मोजणार, सेकंदाचे हजार तुकडे करून.

पेट्या दोन का, तर खोल्या दोन होत्या. भाषाशास्त्राच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की माणूस खोलीप्रमाणे भाषा बदलतो. एकाच खुर्चीत बसवून दोन्ही भाषा विचारल्यास तर तो दोन्हींच्या मधे लटकेल. ते बरोबरच असणार. म्हणून घरच्या भाषेची एक खोली केली. तिथे बुदाईचीच एक मुलगी दारात उभी राहून म्हाताऱ्यांना जेवलात का विचारायची. शाळेच्या भाषेची दुसरी खोली, तिथे तीच भाषा बोलणारा एक विद्यार्थी. या खोलीत एक पेटी, त्या खोलीत एक पेटी.

वेळ मोजण्याची शिस्त तिने मानसशास्त्रवाल्यांकडून घेतली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत पेटी कायम एकच असते, त्यामुळे दोन असल्या तर अर्ध्यावर अदलाबदल करायची, ही गोष्ट त्यांना कधी कुणाला शिकवावी लागली नव्हती. भाषावाल्यांना पेटी ही भानगडच माहीत नव्हती. प्रत्येकाने आपापला अर्धा भाग तपासला. तिने स्वतः दोन्ही पेट्यांच्या वायरी मेंदूवाल्यांच्या यंत्राला लावून पाहिल्या. बटण आत जाऊन विजेच्या टेकणाला लागल्यापासून संगणकाला कळेपर्यंत दोन्हींना सारखाच वेळ, एका हजारांशाचाही फरक नाही. ती खूश झाली. मी काही बोललो नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

सेहेचाळीस म्हातारे आले. एक बस ठरवून तिने त्यांना बुदाईहून तीन महिने आणलं. प्रत्येकाला निघताना साबणाच्या वड्या आणि शेवयांचं पाकीट. सगळा हिशोब मांडल्यावर निघालं ते असं: घरच्या भाषेतला शब्द एकतीस मिलिसेकंद आधी पोचत होता. सेकंदाच्या हजार तुकड्यांतले एकतीस.

तिला डॉक्टरेट मिळाली. परदेशातल्या एका नियतकालिकात लेख छापून आला. फान सरांनी त्याचं पहिलं पान मोठं करून जिन्यात लावलं. ती वर्कशॉपमध्ये आली आणि टाळी वाजवावी तितक्या सहज म्हणाली, "शिफू, आपले एकतीस."

आपले म्हणाली.

नोकरी मात्र मिळेना. मानसशास्त्र विभागाच्या मुलाखतीत तिला सांगितलं, तुम्ही भाषेच्या दिसता. भाषा विभागात म्हणाले, तुम्हाला व्याकरण शिकवता येईल का? तत्त्वज्ञानवाल्यांनी चहा दिला आणि विचारलं, बटणं दाबून काय कळतं? ती छत्तीस वर्षांची होईपर्यंत दर वर्षी नव्याने सही होणाऱ्या हंगामी कामावर होती. तिच्यामागून आलेल्या, एकच विषय धरून बसलेल्या मुलांना खोल्या मिळाल्या, दारावर नावं लागली.

२००३ साली संस्थेला पहिली कायम जागा मंजूर झाली. एकच. पाचही विषय शिकलेला माणूस हवा अशी अट फान सरांनी जाहिरातीत घालून घेतली. तसं माणूस एकच होतं, आणि त्याच्या अर्जात ठेवण्यासारखी मोठी गोष्टही एकच होती: ते एकतीस. निवड समितीची बैठक बारा डिसेंबरला ठरली.

नोव्हेंबरात शाळेच्या खोलीतल्या पेटीची वायर तुटली. नवे म्हातारे यायचे होते म्हणून पेइलान ती घेऊन आली, आणि आलेच आहे तर दुसरीचीही बघा म्हणून तीही घेऊन आली. दुपारची वेळ होती. तिने जेवणाचा डबा उघडला आणि माझ्या बाकड्याशी बसून खायला लागली. मी वायर सोलत होतो. तिने गंमत म्हणून दोन्ही पेट्या पुढे ओढल्या आणि दोन अंगठ्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली.

प्रयोग सुरू झाल्यापासून सहा वर्षांत त्या दोन पेट्या एका खोलीत कधी आल्याच नव्हत्या.

तिने पुन्हा दाबलं. मग अंगठे बदलून दाबलं. तोंडातला घास तसाच राहिला.

"शिफू, हे खोल जातंय."

मी वायर खाली ठेवली. छोटी वजनं काढली. घरच्या खोलीतलं बटण साठ ग्रॅमला बसत होतं आणि दोन मिलिमीटर खाली गेलं की आतलं टेकण लागत होतं. शाळेच्या खोलीतल्याला एकशेचाळीस ग्रॅम लागत होते, आणि पाच मिलिमीटर. तिने डबा झाकला आणि सायकलवरून मेंदूवाल्यांकडे गेली. त्यांचं यंत्र घेऊन आली, बोटाला धातूचा पातळ पत्रा चिकटवला, म्हणजे बोट बटणाला लागलं तो क्षणही उमटेल. दोनशे वेळा एक बटण दाबलं, दोनशे वेळा दुसरं. बोट लागल्यापासून टेकण लागेपर्यंत एकाला अकरा मिलिसेकंद, दुसऱ्याला एकोणचाळीस.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "एकतीसमधले अठ्ठावीस."

दुसऱ्या दिवशी फान सर स्वतः खाली आले. वर्कशॉपमध्ये ते त्याआधी कधी आले नव्हते. बसायला स्टूल दिलं ते त्यांनी आधी रुमालाने पुसलं.

"ल्याव शिफू, दुसरी पेटी पहिलीसारखी करायला किती वेळ लागेल?"

"एक तास."

"मग करून टाका. पेइलान, बारा तारीख होऊ दे. नंतर शांतपणे प्रयोग परत कर, दुरुस्ती छाप. लोक करतात असं."

"आणि परत केल्यावर काही निघालं नाही तर?"

"तेव्हा तू कायम असशील. कायम माणसाला चूक परवडते."

"सर, ही जागा त्या एकतीसवर आहे."

"ही जागा तुझ्या दहा वर्षांवर आहे!" त्यांचा आवाज चढला. "माझ्याही आहे. हा लेख खोटा निघाला तर वरचे लोक विचारतील, ही पाच विषयांची खिचडी चालवायचीच कशाला?"

पेइलान माझ्याकडे वळली. "शिफू, पेटीला हात लावू नका."

तिने तेच केलं जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. पेट्यांची अदलाबदल केली आणि त्याच माणसांना पुन्हा विचारायचं ठरवलं. मी दहा दिवसांची रजा टाकली आणि माझ्या मालवाहू गाडीत सामान घालून तिला बुदाईला नेलं. सेहेचाळीसांपैकी अकरा वारले होते. सहा अंथरुणाला खिळलेले किंवा मुलांकडे उत्तरेला गेलेले. एकोणतीस उरले. मिठागर वर्षभरापूर्वीच बंद झालं होतं, त्याच्या रिकाम्या कचेरीत दोन खोल्या लावल्या. मीठ वाहायच्या टोपल्या अजून कोपऱ्यात पडून होत्या.

आ-खिम नावाचे आजोबा सगळ्यांत आधी आले. त्र्याहत्तर वर्षांचे, कानावर विडी.

"मास्तरीणबाई, मागच्या वेळी पास झालो होतो ना? पुन्हा परीक्षा का?"

"मागच्या वेळी मी नापास झाले, आजोबा."

"अरे वा! आमच्या गावची अक्कल आहे, नापास होणारच."

ते घरच्या भाषेच्या खोलीत जाऊन आले, मग शाळेच्या. बाहेर येऊन अंगठा चोळत म्हणाले, "या वेळी शाळेतलं बटण मऊ केलंत. मागच्या वेळी काय कडक होतं!"

पेइलान कागद लावत होती. तिचा हात थांबला.

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"कळणार नाही? पन्नास वर्षं फावडं धरलंय या हाताने."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, शाळेची खोली आहे. तिथलं कडकच असायचं."

बाकावर बसलेले बाकीचे म्हातारे हसले. एकजण म्हणाला, मलाही तसंच वाटलं. दुसरा म्हणाला, मास्तरांना शहाणपण कोण शिकवणार, पाटी गळ्यात घ्यायची आहे का? पेइलानचे वडीलही त्यातच बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि त्यांची पाळी आल्यावर मुकाट्याने आत गेले.

सहाव्या दिवशी हिशोब पुरा झाला. या वेळी शाळेच्या भाषेतला शब्द सव्वीस मिलिसेकंद आधी पोचत होता. मऊ बटण जिकडे गेलं तिकडे वेग गेला. दोन्ही वेळचं एकत्र केलं तर उरत होतं ते नसल्यासारखंच.

"काय निघालं?" जेवताना वडिलांनी विचारलं. रताळं घातलेली भाताची पेज होती आणि तळलेली कालवं.

"काही नाही निघालं, बाबा."

"माझं पण नाही?"

"कुणाचंच नाही."

त्यांनी तिच्या वाडग्यात आणखी दोन कालवं घातली.

तिने चार डिसेंबरला नियतकालिकाला पत्र लिहिलं की लेख मागे घ्या, निष्कर्ष माझ्या उपकरणाच्या फरकातून आला आहे. माझ्या, असं लिहिलं. माझं नाव कुठेच घातलं नाही. त्याची प्रत निवड समितीला दिली. फान सरांनी जिन्यातलं पान स्वतः उतरवलं. बारा तारखेला समितीने ती जागा मानसशास्त्र विभागाकडे वळवली, आणि तिथे डोळ्यांच्या हालचालींवर काम केलेल्या एका तरुणाला घेतलं. त्याला एकच विषय यायचा, पण चांगला यायचा.

महिनाअखेरीस ती पेट्या जमा करायला आली. उपकरणं परत करताना वर्कशॉपच्या वहीत सही लागते. तिने सही केली. पेन टोपण लावून ठेवलं. मग विचारलं.

"शिफू, बसवताना तुम्हाला माहीत होतं? दोन बटणं सारखी नाहीत ते?"

ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या चांद्र नववर्षाच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. पहिल्या पेटीत घातलं तसं बटण भांडारात एकच उरलं होतं. दुसरं मागवायचं तर तीन आठवडे लागणार. मोडीत काढलेल्या एका यंत्राचं बटण माझ्या खणात पडलेलं होतं. भोक कानसून ते बसवलं. दाबून पाहिलं. जड लागलं. माझ्या हाताखाली जी माणसं शिकली त्यांना मी जोडीतला दुसरा नग पहिल्याला लावून बघितल्याशिवाय उचलू देत नसे. त्या दिवशी मी लावून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. नंतर ती वायरी तपासून खूश झाली तेव्हाही बोलता आलं असतं.

"होतं," मी म्हणालो.

तिने वही मिटली. रागाने काही बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्याकडून मापाशिवायचं चित्र घेत नव्हतात," एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती वर्कशॉपमध्ये आली नाही. सायकल मात्र बरेच दिवस शेतकी इमारतीच्या मागे उभी होती.

मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. पाच वर्षांनी संस्था बंद झाली. शिक्षक आपापल्या विभागात परत गेले, तिसऱ्या मजल्यावर आता कसलं तरी परीक्षा केंद्र आहे. तिथे शिकलेली आणखी तीन-चार मुलं मला माहीत आहेत. एक विमा विकतो. एक बाई पाळणाघर चालवते, चांगलं चालवते म्हणतात.

पेइलान मला एकदाच भेटली, २०१२ साली, चियायी शहरात. बायकोच्या डोळ्यांच्या तपासणीला गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडे शिकवणीवर्गांची इमारत होती. दाराशी ती उभी होती, हातात सोयादुधाचा पेला. केस पांढरे झाले होते. तिनेच हाक मारली.

"शिफू."

मी माफी मागायची म्हणून आठ-नऊ वर्षं वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही आलं नाही. "काय शिकवतेस?" असं विचारलं.

"इंग्रजी. आठवीच्या मुलांना."

"आणि ते दुसरं?"

"ते कुठे करणार?" मग ती स्वतःहून बोलायला लागली. रस्त्याकडे बघत, मला सांगतेय की स्वतःला ते कळेना. "त्या वेळी काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, असं नाही म्हणता येत. एकोणतीस माणसं कमी पडतात. फरक पाच-सहाचा असता तर तेवढ्यांत दिसलाच नसता. एकच पेटी, दीडशे माणसं, नीट मोजलं असतं तर काय ते कळलं असतं."

"मग आता कर. पेटी मी करून देतो. लेथ नसला तरी हाताने करीन."

"माणसं कुठून आणू? आधी फक्त घरची भाषा आली आणि शाळेची मोठेपणी शिकली, अशी माणसं हवीत. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आ-खिम आजोबा त्यांच्या आधी. आताच्या म्हाताऱ्यांना लहानपणीच दोन्ही भाषा एकदम लागल्यात. त्यांना विचारून उपयोग नाही."

तिने पेला संपवला, कचऱ्याचा डबा शोधला, त्यात टाकला.

"बाबा खरंच उशिरा वळायचे, शिफू. मी पाहिलंय."

"मी कुठे नाही म्हणतो?"

"तुम्ही नाही म्हणत. पण मला आता मोजून दाखवता येत नाही."

वरून कुणीतरी तिला हाक मारली, शाळेच्या भाषेत. ती लगेच वळली. वर्ग सुरू व्हायची वेळ झाली होती. मला मान लववून ती जिना चढून गेली.